रॅम पुसली की चालतो, आठवड्याने पुन्हा बंद : सुरू न होणाऱ्या घरच्या संगणकाचा दोष कसा शोधावा

घरातला डेस्कटॉप संगणक एकदा बंद पडला आणि बंदच राहिला, तर त्याचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. खरा पिच्छा पुरवतो तो अधूनमधून अडणारा संगणक. सकाळी बटण दाबावे तर पडदा काळाच राहतो, दोन-तीनदा खटपट केली की सुरू होतो, मग दिवसभर विनातक्रार चालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रडकथा. अशा वेळी आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे कॅबिनेट उघडायचे, रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसायच्या आणि ती पुन्हा खटकन बसवायची. पुष्कळदा संगणक लगेच सुरू होतो, दोष रॅमचाच होता यावर घरात एकमत होते, आणि आठवड्या-पंधरवड्याने पहिले पाढे पंचावन्न.

आक्षेप खोडरबराला नाही. दमट हवेत रॅमच्या आणि ती बसते त्या स्लॉटच्या संपर्कपट्ट्यांवर खरोखरच थर धरतो आणि तो काढावाच लागतो. आक्षेप आहे तो निदानाला. रॅम पुसताना आपण केवळ रॅम पुसत नाही. आधी विजेची केबल काढतो, त्यामुळे एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीत, आणि मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर, साठलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेट आडवे करतो, त्यामुळे एखादी सैल केबल तात्पुरती नीट बसते. शिवाय त्याआधी केलेल्या फसलेल्या प्रयत्नांमुळे एसएमपीएस थोडा तापलेला असतो. एका दमात चार गोष्टी बदलतात आणि श्रेय मात्र एकट्या रॅमच्या पदरात पडते. म्हणून बिघाड वारंवार होत असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तीही संगणक नेमका कोणत्या पायरीवर अडतो हे ठरवल्यानंतर.

बटण दाबल्यावर काय काय घडते

पायरी ओळखण्यासाठी हा क्रम माहीत असायला हवा. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर एसएमपीएस बंद संगणकालाही ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा सतत देत राहतो. याला स्टँडबाय पुरवठा म्हणतात आणि २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली जांभळी तार त्याचीच असते. कॅबिनेटवरचे बटण दाबले की मदरबोर्ड याच कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या तारेशी जोडतो. तो इशारा मिळताच एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे उभे करतो, ते स्थिर झाले की साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत राखाडी तारेवरून तसे कळवतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड आणि डिस्क यांची हजेरी घेतो, आणि सर्वांत शेवटी डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स चढू लागते. अनेक नव्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात, त्यांत रंगांवर जाता येत नाही. पिनांची जागा मात्र तीच राहते.

यावरून तक्रारीचे तीन गट पडतात. पंखाही फिरत नाही हा पहिला, पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही हा दुसरा, आणि कंपनीचा लोगो किंवा काही अक्षरे दिसतात पण पुढे जात नाही हा तिसरा. दुकानात ‘सीपीयू चालू होत नाही’ एवढेच सांगितले, तर या तिन्हींची एकच मोट बांधली जाते आणि दुरुस्ती अंदाजाने सुरू होते.

पंखाही फिरत नाही

येथे सुरुवात भिंतीपासून करावी. यूपीएस आणि स्पाइक गार्ड दोन्ही बाजूला ठेवून संगणकाची केबल थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहावी, कारण घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि मग वीज क्षणभर हलली तरी संगणक आपोआप बंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो. केबलही बदलून पाहावी. मॉनिटरची केबल बहुतेक वेळा त्याच प्रकारची असते, त्यामुळे वेगळी विकत आणावी लागत नाही. एसएमपीएसच्या मागे लहानसा स्विच असतो, तो झाडलोट करताना हात लागून बंद झालेला असणे ही मुळीच दुर्मिळ गोष्ट नाही.

एवढे झाल्यावर संशय घ्यावा तो पुढच्या बटणावर. धुळीने आणि दमटपणाने प्लॅस्टिकचे बटण आत अडकून राहते, आणि बटण सतत दाबलेले राहिले की संगणक सुरू होऊन सुमारे चार सेकंदांनी स्वतःहून बंद होतो; कारण बटण तेवढा वेळ दाबून धरणे ही सक्तीने बंद करण्याचीच खूण आहे. हे लक्षण पाहून अनेक जण मदरबोर्ड गेला असे समजतात. खात्री करण्यासाठी बटणाकडून येणारी दोन तारांची बारीक जोडणी मदरबोर्डवरून काढावी आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. संगणक सुरू होऊन चालू राहिला, तर दोष बटणात आहे. नवे बटण मिळेपर्यंत रीसेटच्या बटणाची जोडणी पॉवरच्या पिनांवर लावून द्यावी. दोन्ही बटणे आतून सारखीच असतात आणि ही व्यवस्था वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. याच्या उलट, रीसेटचे बटण अडकलेले असेल तर पंखे फिरत राहतात पण पडद्यावर काहीच येत नाही, म्हणून त्याचीही जोडणी एकदा काढून पाहावी.

बटणाचा दोष नसेल तर एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासावा. विजेची केबल काढून २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून सोडवावा, हिरवी तार आणि तिच्या शेजारची कोणतीही काळी तार यांच्या पिनांमध्ये वाकवलेली कागदाची पिन घालावी आणि मगच केबल लावावी. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे एवढे कळते. काही महागड्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना मुद्दामच फिरत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्यावर विसंबू नये. आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निर्दोष आहे, असेही समजू नये. भार पडल्यावर तो कोलमडतो की नाही हे या चाचणीत कळत नाही. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. २३० व्होल्टचे एकदिश रूपांतर झाल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या भागावर) ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि केबल काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो.

पंखे फिरतात, पडदा काळा

आधी मॉनिटरकडे पाहावे, आणि हे सांगणे बाळबोध वाटले तरी वगळू नये. ‘नो सिग्नल’ असे मॉनिटरवर उमटत असेल तर मॉनिटर ठीक आहे, फक्त त्याला चित्र मिळत नाही. मॉनिटरचा इनपुट एचडीएमआयवर आहे की व्हीजीएवर, हे त्याच्या मेन्यूत तपासावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर केबल कार्डालाच लावावी, मदरबोर्डला नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ अक्षर असते त्यांत ग्राफिक्सची सोयच नसते, एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ती नाही आणि ५६००जी मध्ये आहे. त्यामुळे अशा संगणकाचे ग्राफिक्स कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावली आणि पडदा काळा राहिला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बायोस आपली तक्रार आवाजाने किंवा दिव्याने सांगत असतो. जुन्या मदरबोर्डवर लहान स्पीकर असे, नव्या कॅबिनेटांतून तो गायब झाला आहे. चार पिनांचा बझर फार तर चहापाण्याच्या खर्चात मिळतो आणि तो लावून ठेवावाच. अवॉर्ड कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड आवाज हा ग्राफिक्सचा इशारा असतो, सतत लांब वाजत राहणे बहुधा रॅमचा. पण कंपनीगणिक या खुणा बदलतात, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहूनच अर्थ लावावा. अलीकडच्या अनेक मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे लिहिलेले चार बारीक दिवे असतात, आणि ज्या टप्प्यावर संगणक अडतो त्याचा दिवा पेटून राहतो. त्यासाठी कॅबिनेटची बाजू उघडून ठेवावी आणि संगणक अडलेला असतानाच पाहावे; सुरळीत चालू झाल्यावर पाहून उपयोग नाही. आणखी एक खूण म्हणजे कीबोर्डवरचा कॅप्स लॉक. कळ दाबल्यावर त्याचा दिवा लागत आणि विझत असेल, तर संगणक बहुधा सुरू झालेला आहे, तुम्हाला केवळ चित्र दिसत नाही.

आता रॅम. विजेची केबल काढून कॅबिनेटवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला भार निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि रॅमची पट्टी कडेने धरावी. दोन पट्ट्या असतील तर दोन्ही काढून एकच पट्टी, प्रोसेसरपासून मोजल्यास चार स्लॉटांपैकी दुसऱ्या स्लॉटमध्ये, बसवावी. बहुतेक मदरबोर्डांना एकटी पट्टी तेथेच हवी असते. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी लावून पाहावी, आणि त्यानंतर चांगली ठरलेली पट्टी वेगळ्या स्लॉटमध्ये. दोष पट्टीबरोबर हलतो की स्लॉटपाशीच राहतो, हे यातून स्पष्ट होते. पुसण्यासाठी खोडरबरापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्याचे कापड बरे, कारण खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि सोन्याचा मुलामा तसाही अतिशय पातळ असतो. स्लॉट ब्लोअरने साफ करावा, तोंडाने फुंकर घालू नये. आपल्या श्वासात नेमका तोच दमटपणा असतो जो आपल्याला काढायचा आहे. संगणक सुरू झाल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवावी. तीत एकही चूक निघाली तरी ती पट्टी सदोष समजावी आणि चाचणी निर्दोष आली तर रॅमला एकदाचे सोडून द्यावे.

डीडीआर५ रॅमच्या नव्या संगणकांबाबत एक सूचना द्यायला हवी. रॅम बदलल्यावर किंवा बायोस मूळ स्थितीत आणल्यावर पहिल्यांदा सुरू होताना हे संगणक रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घेतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. धीर सुटून मध्येच बंद केल्यास तीच प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते आणि संगणक बिघडला असा गैरसमज पक्का होतो.

सकाळी नाही, दुपारी हो

ज्या तक्रारीपासून आपण निघालो ती बहुधा येथे येऊन पोहोचते. रत्नागिरीकडच्या एका ओळखीच्या घरातला संगणक पावसाळा लागला की सकाळी अडत असे. दरवेळी दुरुस्ती करणारा येई, रॅम पुसे, संगणक सुरू होई, आणि तो गृहस्थ पैसे घेऊन जाई. त्या घराची एक सवय मात्र कोणीच लक्षात घेतली नव्हती: विजा चमकतात म्हणून रात्री झोपताना स्पाइक गार्डचे बटण बंद केले जाई. सवय शहाणपणाचीच, पण तीमुळे स्टँडबाय पुरवठा रात्रभर बंद राहतो, एसएमपीएस पूर्ण थंड होतो आणि सकाळी त्याला शून्यातून उभे राहावे लागते.

एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकत जातात. सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि थंड असताना तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात पुरवठा स्थिर होत नाही आणि राखाडी तारेवरचा इशारा वेळेवर जात नाही. दोन-चार प्रयत्नांत भाग कोमट झाले की रोध उतरतो आणि संगणक सुरू होतो. दिवसभर तो उत्तम चालण्याचे कारणही हेच आहे. मधल्या काळात कोणी रॅम पुसली तर रॅमने बरे केले, कोणी कॅबिनेटला थाप मारली तर थापेने बरे केले.

याची परीक्षा घ्यायला पैसा लागत नाही. पावसाचा जोर आणि विजा नसलेल्या एखाद्या रात्री संगणक बंद करावा, पण स्पाइक गार्ड चालू ठेवावा, आणि बाकी कशालाही हात लावू नये. सकाळी पहिल्याच दमात सुरू झाला आणि पुढच्या वेळी मुख्य वीज बंद ठेवल्यावर पुन्हा अडला, तर संशय स्टँडबाय पुरवठ्यावर किंवा बायोसच्या बॅटरीवर येतो. उलटीही परीक्षा घ्यावी: अडलेला असताना केबल काढून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, रॅमला स्पर्श न करता पुन्हा लावावी. तेवढ्यानेच सुरू झाला तर रॅम निर्दोष असण्याची शक्यता बळावते.

बॅटरी आणि एसएमपीएस यांतला फरक घड्याळ सांगते. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी मुख्य वीज नसतानाच खर्च होते, म्हणून रात्री मेन बंद करणाऱ्या घरांत ती लवकर उतरते आणि तिचा दोषही तेथेच उघड होतो. सुरू झाल्यावर तारीख काही वर्षे मागे गेलेली असेल, ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश येत असेल, तर बॅटरी बदलावी. कोरी बॅटरी मल्टिमीटरवर ३ व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाखवते, २.७ च्या खाली आलेली ठेवू नये. बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, त्याचे कारण पुढे येते आहे. तारीख बरोबर असूनही संगणक अडत असेल, तर मोर्चा एसएमपीएसकडे वळवावा.

संगणक चालू असताना जुन्या पद्धतीच्या चार तारांच्या मोलेक्स कनेक्टरवर मल्टिमीटर लावला, तर पिवळी आणि काळी यांत ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळी यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. आकडे या मर्यादेच्या काठावर असतील आणि जड काम सुरू केल्यावर आणखी खाली जात असतील, तर निकाल लागल्यात जमा आहे. मदरबोर्डवरचेही कपॅसिटर पाहावेत. चांगल्याचा माथा सपाट असतो, गेलेल्याचा फुगलेला दिसतो किंवा त्यातून तपकिरी थर बाहेर आलेला असतो. तरीही शेवटचा पुरावा उसना एसएमपीएसच देतो. ओळखीच्या कोणाकडून दोन दिवसांसाठी चालू एसएमपीएस मागून घ्यावा, रात्री मेन बंद ठेवावा आणि सकाळी पाहावे. वर सांगितलेल्या घरात याच पद्धतीने दोष सापडला. रॅम अजून तीच आहे.

कॅबिनेट उघडलेच आहे तर पाठीमागच्या जाळीकडेही लक्ष द्यावे. मुंग्या, झुरळे आणि पाली उबेसाठी आत शिरतात, आणि मदरबोर्डवर पाल चिकटून शॉर्ट झाल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत नवी नाहीत. अशा वेळी पंखा क्षणभर हलून थांबतो, कारण एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या फेकून देण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती या पाहुण्यांना दार उघडून देते.

अर्थिंगविषयीही स्पष्ट लिहायला हवे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तिसरी पिन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला जोडलेले लहान कपॅसिटर असतात; अर्थिंग नसले की कॅबिनेटवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी कमी असल्याने तो बहुधा घातक ठरत नाही, परंतु यूएसबीची उपकरणे आणि मॉनिटरची केबल जोडताना तोच दाब मदरबोर्डमधून वाट काढतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणे म्हणजे हा त्रास विकत घेणे आहे, आणि अर्थिंगशिवाय स्पाइक गार्डचेही संरक्षण अर्धेच राहते. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे: फेज आणि न्यूट्रल यांत जेवढा दाब, जवळपास तेवढाच फेज आणि अर्थ यांत, आणि न्यूट्रल-अर्थ यांत फार तर दोन-तीन व्होल्ट. अर्थिंग नसल्याने संगणक सुरूच होत नाही, असे सहसा घडत नाही, पण सुटे भाग वरचेवर का जातात याचे उत्तर अनेकदा येथे मिळते.

संध्याकाळी दाब उतरणाऱ्या गावांत आणखी एक तपासणी लागते. स्वस्त एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. दाब त्याखाली गेला की तो उभा राहत नाही. रोज विशिष्ट वेळीच संगणक अडत असेल तर दोष संगणकात नसून वायरमनने पाहण्यासारखा आहे.

लोगो दिसतो, पुढे जात नाही

पडद्यावर अक्षरे आली म्हणजे एसएमपीएस, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांनी आपापले काम निदान त्या घडीपुरते केले आहे, आणि आता कॅबिनेट उघडण्याची घाई नको. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होत राहिले होते. त्यांतल्या एकाही संगणकाचे यंत्र त्या अपडेटने बिघडलेले नव्हते. ते संगणक बहुतांशी कार्यालयांतले होते, परंतु घरच्या संगणकालाही एखादे ड्रायव्हर किंवा अपडेट असेच अडवू शकते.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश आला तर सर्व पेन ड्राइव्ह काढून पाहावेत, मग बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का ते पाहावे. डिस्क दिसतच नसेल तर साटा केबलची (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलची) दोन्ही टोके काढून घट्ट बसवावीत किंवा केबल बदलावी. डिस्क दिसते पण विंडोज चढत नाही, आणि हे बॅटरी बदलल्यापासून सुरू झाले असेल, तर बायोसची मांडणी मूळ स्थितीत गेलेली असते. डिस्कशी बोलण्याचा साटाचा प्रकार एएचसीआय होता तेथे रेड झाला, किंवा जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेल्या विंडोजसमोर फक्त यूईएफआय ही नवी पद्धत उरली, की विंडोज जागेवर असूनही सापडत नाही. वर फोटो काढायला सांगितले ते यासाठी. येथे विंडोज नव्याने टाकून देणारे भेटतात. तसे करू देऊ नये, फोटो पाहून मांडणी पूर्ववत केली की काम होते.

‘शट डाऊन’ करून सुरू केल्यावर अडतो पण ‘रीस्टार्ट’ केल्यावर अडत नाही, अशीही एक तक्रार असते. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाऊनच्या वेळी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो, तर रीस्टार्टमध्ये तो पहिल्यापासून चढतो. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करून चार दिवस पाहावे. संगणक सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद असेल, तर एवढेच समजावे की मागच्या वेळी तो नीट बंद झाला नव्हता. पुष्कळांना ती नोंद म्हणजेच निदान वाटते, ते तसे नाही.

डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने पाहावी. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर’ या ओळींत शून्याऐवजी वाढते आकडे असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. ‘सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल तर डिस्क चांगली असून बहुधा साटा केबलच खराब आहे, आणि नव्या डिस्कऐवजी नव्या केबलच्या किरकोळ खर्चात काम भागते. डिस्क खरोखरच जात असेल तर विंडोजचे चेक डिस्क हे तपासणीचे साधन चालवून तिला आणखी दमवू नये. आधी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवावीत, दुरुस्तीचा विचार नंतर.

विंडोज लागोपाठ काही वेळा चढू शकले नाही तर दुरुस्तीचा निळा पडदा स्वतःहून पुढे येतो. त्यातले स्टार्टअप रिपेअर आधी, ते न जमल्यास शेवटचे अपडेट काढून टाकणे, मग सिस्टीम रिस्टोअर, असा क्रम ठेवावा. विंडोज ११ च्या अनेक संगणकांवर डिस्कवरच्या मजकुराला बिटलॉकरची कुलूपबंदी आपोआप चालू असते आणि बायोसमध्ये बदल केल्यावर तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात साठवलेली असते. संगणक चालू असतानाच ती कागदावर उतरवून ठेवावी, कारण ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही.

एसएमपीएस बदलण्याची वेळ आली तर पेटीवरच्या ठळक ४५० किंवा ५०० वॅटवर जाऊ नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. तेथे १६ अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला १९२ वॅटच येतात, ठळक अक्षरांत काहीही छापलेले असो. दुरुस्तीला देताना संगणक कोणत्या गटातला आहे, रात्री मेन बंद असतो का, तारीख मागे जाते का, कोणता दिवा पेटून राहतो आणि कोणत्या चाचण्या घरी झाल्या आहेत, हे कागदावर लिहून सोबत द्यावे, आणि बदललेला जुना भाग बिलासह परत मागून घ्यावा.